किड्याच्या कोशाची पत्ती

दुपारी जेवून जरा आडवी झाले की अंगठा आपोआप मोबाईलवर फिरायला लागतो, तसा परवा फिरता फिरता चीनच्या गुइझोउ प्रांतातल्या बुयी लोकांच्या एका वाद्यावर अडकला. लेयोउ म्हणतात त्याला. दिसायला आपल्या सनईची धाकटी बहीणच, लाकडी नळी, टोकाला छोटासा कर्णा, आणि वर फुंकायची पत्ती, पण ती कसली तर किड्याच्या कोशाची! झाडावरचा कोश काढून, चपटा करून ओठात धरायचा. ऐकून मी उठूनच बसले.

म्हणजे फुंकायला काय चालतं याला काही लिमिटच नाही. आम्ही मामाकडे पिंपळाचं कोवळं पान गुंडाळून पिपाणी करायचो, निमुळतं टोक दातांनी हलकेच चावून चपटं करायचं, जास्त चावलं की पान फाटतं, कमी चावलं की नुसती फुसफुस. आणि एकदा वाजली की ऐन दुपारी आजी आतून ओरडणार, मेल्यांनो, माणसं झोपलीयेत! माझी कधी वाजलीच नाही, दादाची पहिल्या फुंकेत वाजायची, त्याचा राग मला अजून आहे.

तर लेयोउ ही जुन्या काळी तरण्या पोरांची गोष्ट. आवडत्या मुलीला बोलवायचं तर हाक नाही मारायची, हे वाजवायचं, आणि ती सुरावरून ओळखायची की आपलाच आहे. आमच्या सोसायटीत संध्याकाळी एक बाईक येते, गेटपाशी दोनदा हॉर्न, पॉं पॉं, की तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडते. खिडकी एकच उघडते, पण कळतं अख्ख्या बिल्डिंगला, खालच्या काकूंना तर त्याची यायची वेळसुद्धा पाठ आहे. तिकडे वाडीतल्या म्हाताऱ्यांनाही सगळं कळतच असणार, बोलत नसतील इतकंच.

२००८ मध्ये चीन सरकारने लेयोउ राष्ट्रीय वारशाच्या यादीत घातलं. बरंच झालं, नाहीतर ती कोशाची पत्ती बनवणारे हात कुठून यायचे पुढे. पण आता स्टेजवर माईक लावून वाजवतात, समोर शेकडो माणसं, आणि ते सूर मुळात एकाच मुलीसाठी होते, हे काही मला पटत नाही. असो, मला विचारतंय कोण.

मला आपली काळजी वेगळीच. ज्या पोराला फुंकायलाच जमायचं नाही, त्याचं लग्न कसं जुळायचं हो?