बरणी नंबर ३ नागपूरला पोचली, अखंड

काल दुपारी नागपूरहून ११ सेकंदांचा व्हिडिओ आला. ओट्यावर बरणी, शेजारी झाकण, आणि बांगड्या घातलेला एक हात काठापासून बुडापर्यंत टिचक्या मारत खाली उतरतोय. प्रत्येक टिचकीला खण्ण. बद्द आवाज कुठेच नाही, म्हणजे तडा नाही. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी तो सहा वेळा ऐकला, मग आत्याला फोन करून तिलाही ऐकवला. ती म्हणाली, "अगं, झाकण बसतंय का ते विचार आधी." विचारलं. बसतंय.

नव्यांसाठी: आत्याच्या माळ्यावरचं जुनं सामान मी आपल्या गटात लिलावाने विकतेय, त्यात लोणच्याच्या सात बरण्या आहेत. तर मंडळी, एप्रिलपासून दोन बरण्या फुटल्या, ५,४३० रुपये परत केले, आणि आता मी खात्रीने सांगते की चिनी मातीची लोणच्याची बरणी मुंबईबाहेर धड पाठवता येते.

बरणीकडे येण्याआधी माळ्यावरच्या बाकी सामानाचं पटकन सांगते. पितळी स्टो २,६५० ला गेला! पायाची बोली ४०० ठेवली होती, हजारापर्यंत जाईल असा माझा अंदाज होता. यावेळी टाकीवरच्या शिक्क्याचा जवळून फोटो टाकला आणि पंप उघडून आतलं चामड्याचं वायसर दाखवलं. ते दोन दिवस तेलात भिजत ठेवलं होतं, त्यामुळे पंप हवा धरतो हे व्हिडिओत सरळ दिसत होतं. लिलाव रविवारी रात्री ९ ला संपायचा होता. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ पाच मिनिटांनी वाढते, हा आपला नियम. तो सात वेळा लागला आणि ९.३५ ला हातोडा पडला. शेवटच्या दोघांनी शंभर-शंभरने चढवलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

स्टो मी मुद्दाम घासला नव्हता. आत्याने प्रेमाने दोन पितळी डबे चिंच-मीठ लावून लख्ख केले, त्यांना जेमतेम ३०० ची बोली आली. घेणाऱ्याला पितळेवरची ती जुनी काळपट झाक हवी असते, आणि आंबटाने घासली की ती गेली. जुनं पितळ फक्त कोरड्या फडक्याने पुसा, ही माझी हात जोडून विनंती.

आणि समई लिलावातून काढून घेतली आहे. मस्कतहून एकांनी चौकशी केली तेव्हा मी जरा शोधाशोध केली. समई पणजीच्या लग्नातली, म्हणजे शंभरी उलटलेली असण्याची दाट शक्यता. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू तुम्हा-आम्हाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यांना नाही म्हणून कळवलं. समई आता आमच्याकडे मुलुंडला येईल, मला त्याचा आनंदच आहे.

आता बरणी.

नंबर १ नाशिकला का फुटली ते मी त्यावेळी चुकीचं लिहिलं होतं. दोष वाहतुकीला दिला होता, खरं कारण झाकण होतं. मी ते कागदात गुंडाळून बरणीच्या पोटात ठेवलं. जागा वाचते म्हणून बरेच जण तसंच करतात. पण बंद बरणीत सुटं झाकण म्हणजे आतला हातोडा. गाडी प्रत्येक खड्ड्याला उडाली की झाकण आतून ठोका देणार. पोटाला गेलेला तडा आतून बाहेर आला होता, हे फोटो पुन्हा बघताना लक्षात आलं.

नंबर २ ला म्हणून झाकण वेगळं केलं आणि सगळं पाठ्यपुस्तकातल्यासारखं केलं. बबल रॅपचे चार वेढे, खोक्यात खोकं, मधल्या जागेत चुरगाळलेली वर्तमानपत्रं ठासून. बाहेरचं खोकं ५०×५०×५८ सेंटिमीटर. इथे पहिला झटका कुरिअरच्या काउंटरवर बसला. तिन्ही मापांचा गुणाकार भागिले ५०००, हे आकारमानाचं वजन. ते आलं २९ किलो! सामान खरं १० किलोचंही नव्हतं. भाडं मात्र त्या २९ किलोंवर, १,४८०. बरणी १,८५० ची. एवढं भरून ती नागपूरला पोचली तेव्हा बुडाला चंद्रकोरीसारखी चीर. बरणी घेणाऱ्या ताईंनी खोकं उघडताना व्हिडिओ काढला होता, तो मी शंभरदा तरी बघितला असेल. कागद तळाशी पापडासारखे चपटे झाले होते आणि बरणी थेट पुठ्ठ्यावर टेकली होती.

जून होता. कागद हवेतला ओलावा पितो, नरम पडतो, एकदा दबला की परत फुगत नाही. साडेसहा किलोची बरणी दोन दिवस हळूहळू खाली बसत गेली. दुसरी गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती. बरणी उलटी करून बघा. बुडाला बोटभर रुंदीची बिनचकाकीची कड असते, सगळा भार त्या कडेवर. तिच्याखाली बबल रॅपचे फुगे एकेक करून फुटतात. थर्माकोललाही तिथे खळगा पडतो आणि दुसऱ्या आपटीला तो कामाचा राहत नाही. म्हणजे कडेचा भार आधी पसरायला हवा, आणि खाली असं काहीतरी हवं जे दबून पुन्हा वर येईल.

यानंतर एका शनिवारी मी धारावीच्या कुंभारवाड्यात गेले. तिथे माठ आणि पणत्या रोज बाहेरगावी जातात, त्यांना विचारण्यासारखं दुसरं कोण? एका काकांनी पेंढ्याचा पीळ करून कसा भरायचा ते दाखवलं आणि सांगितलं, भांडं पोटाला धरायचं, गळ्याला कधीच नाही. गळ्यावर दाब आला की गेलंच. आपल्या हापूसच्या पेट्यांतही गवतच असतं की. पण जुलैतला पेंढा मी घरी आणला आणि तिसऱ्या दिवशी त्याला बुरशीचा वास यायला लागला. घेणारीला खाण्याच्या भांड्यासोबत तो वास पाठवणं मला पटेना.

घरी परतताना डोक्यात एकच, पेंढ्यासारखं लवचिक पण न कुजणारं काय? उत्तर आत्याच्या खाटेवर होतं. काथ्याची गादी! जिला मी मे महिन्यात १०० रुपयांपासून लिलावात ठेवलं होतं आणि एकही बोली आली नव्हती. नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक मारून दाबलेली ती गादी. दबते, लगेच वर येते, पाण्याने सहजी कुजत नाही, वजनाला हलकी. चाळीच्या गॅलरीत तिला काठीने बडवून धूळ काढली (शेजारच्या काकूंनी दुसरी काठी आणली), अभ्रा उसवला आणि कापायला बसले.

कापण्याबद्दल: ब्रेडची सुरी अडकते, कटर तर दोन मिनिटांत बोथट. हॅक्सॉचं सुटं पातं, एका टोकाला चिंधी गुंडाळून, हे सगळ्यात चांगलं. पाच सेंटिमीटर जाडीचे तुकडे केले. तळाला एक, त्यावर हार्डबोर्डची चकती, म्हणजे कडेचा भार सगळ्या तुकड्यावर पसरतो. चार बाजूंना चार, पोटाला घट्ट, गळ्याजवळ मुद्दाम पोकळी. वर पुन्हा हार्डबोर्ड, त्यावर दोन पातळ तुकड्यांच्या मध्ये झाकण, जणू सँडविच. बरणीच्या पोटात काहीही नाही. तोंडाला आत्याने सवयीने स्वच्छ दादरा (कापडाचा फडका) बांधला, तो तसाच ठेवला.

खोकं मशीद बंदरहून आणलं. पाच प्लाय, म्हणजे पाच थरांचं, ८५ ला, सात प्लाय १४० ला, आणि मी आता सात प्लायशिवाय बोलणार नाही. आमच्या स्टेशनजवळचा दुकानदार पाच प्लाय म्हणून जे विकतो ते कड फाडून मोजलं तर तीन निघतं. तुम्हीही घेताना कडेला थर मोजा. मशीद बंदरच्या पुठ्ठेवाल्याने आणखी एक शिकवलं: पुठ्ठ्यातल्या नागमोडी थराच्या पन्हाळ्या उभ्या राहतील असंच खोकं भरायचं, आडव्या झाल्या की वरच्या ओझ्याने बसतं. पावसात चिकटपट्टी लावण्याआधी पुठ्ठा कोरड्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर कल्याण येईपर्यंत पट्टी सुटलेली असते.

नवं खोकं ३६×३६×४६. आकारमानाचं वजन १२ किलोच्या आत, खरं वजन ८.९. भाडं ६४०! त्या काउंटरवर मी पावती दोनदा वाचली.

पण पाठवण्याआधी पाडून बघायचं ठरवलं होतं. पॅकिंगच्या धंद्यात इस्टा १ए नावाची चाचणी असते. साडेनऊ किलोच्या आतलं खोकं ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडायचं: एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू. काठाचा टवका उडालेली नंबर ५ बळी म्हणून घेतली आणि इमारतीच्या पार्किंगमध्ये गेले. माझ्या मुलाने भिंतीवर खडूने उंचीची रेघ मारली, वॉचमन काका मोजत होते. पहिल्या फेरीत बरणी वाचली, पण झाकण सरकून हार्डबोर्डच्या कडेला आलं. मग झाकणाभोवती काथ्याचीच चौकट केली आणि पुन्हा दहा. कोपऱ्यावरच्या आपटीने पुठ्ठा चार सेंटिमीटर आत गेला. उघडलं, टिचकी मारली. खण्ण. वॉचमन काकांनी स्वतः मारून बघितली.

नागपूरच्या ताईंचं मला विशेष वाटतं. नंबर २ फुटल्यावर पैसे परत घेतानाच त्या म्हणाल्या होत्या, "पुढची लावाल तेव्हा कळवा, मी बोली लावणार." लावली आणि १,९०० ला जिंकल्या. त्यांना लिंबाच्या लोणच्याला बरणी हवी होती. मीठ आणि आंबट दोन्ही पचवते अशी काचेखेरीज दुसरी वस्तू स्वयंपाकघरात नाही, स्टीलला तर वर्षभराचं लोणचं मी देणारच नाही. दादऱ्यासाठी त्यांनी वेगळे आभार लिहिले.

उरल्या नंबर ४, ६ आणि ७, आणि टवक्यासकट ५. दर पंधरवड्याला एक काढायची असं योजलं होतं, पण हे लिहिताना विचार बदलतोय. ४ वर डोळा ठेवून असलेले दोघे कोल्हापूरचे आहेत. मग कुरिअर कशाला? एसटीने पार्सल जातं. इथे गाडीत चढवलं की तिथल्या आगारात उतरवायचं, मधली हाताळणीच कमी. बरणी फुटते ती रस्त्यात कमी आणि हातातून हातात जाताना जास्त, असं आता माझं मत झालं आहे. या आठवड्यात परळ आगारात जाऊन दर विचारते. जमलं तर ४ आणि ६ एकदम लावीन आणि वाहतुकीची रक्कम बोली सुरू होण्याआधीच जाहीर करीन. नंबर ३ ला ६४० आधी सांगितले होते, तेव्हा बोली निर्धास्तपणे चढल्या.

दुसरा एक बदल सुचवते. ईबे ही लिलावाची वेबसाइट २०१८ मध्ये इथून बंद होण्याआधी ज्यांनी तिथे बोली लावल्या त्यांना आठवेल, आपली कमाल रक्कम आधीच टाकून ठेवता यायची. यंत्रणा दुसऱ्याच्या वर एक पायरी ठेवून आपल्यासाठी बोलत राहायची, आणि जिंकलो तर भरायचे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा फक्त एक पायरी जास्त. रात्री ९ ला लोकलमध्ये लटकलेल्या माणसालाही त्यामुळे संधी मिळायची. आपल्याकडे हे हाताने करता येईल. कमाल रक्कम विक्रेत्याला नाही, तिसऱ्याच विश्वासू माणसाला कळवायची, त्याने वहीत लिहून बोली लावत जायची. नंबर ६ ला करून बघूया का? वही सांभाळायला कोणी तयार असेल तर सांगा.

५ ला राखीव (याखाली विकणार नाही अशी) किंमत ठेवत नाही. टवक्याचे तीन फोटो टाकते, फूटपट्टी शेजारी ठेवून. वीस वेळा आपटून शाबूत राहिलेली बरणी आहे, लोणचं नाही तर मीठ भरायला कोणाच्याही घरी चालेल.

आणि आता खरी अडचण: गादी संपत आली. उरलेल्या काथ्यात दोन बरण्या बसतील, तिसरीला पुरणार नाही. मुलुंड ते दादरमध्ये कोणाच्या घरी जुनी काथ्याची गादी टाकायला काढली असेल तर फेकू नका, मी टेम्पो करून घेऊन जाईन. फोमची नको, काथ्याचीच.