दूधवाल्याची बुलेट घेऊन रायडर मेनियाला, माझा अनुभव

आधीच सांगतो, मी काय मोठा रायडर वगैरे नाही. लडाख केलेलं नाही, अंगात साखळ्यांचं जॅकेट नाही, वय बेचाळीस आणि गुडघा थंडीत बोलतो. पण २०२२ च्या नोव्हेंबरात गोव्याला वागातोरला रायडर मेनिया, म्हणजे रॉयल एनफिल्डवाल्यांचा मेळावा, होता (हल्ली त्याला मोटोव्हर्स म्हणतात, २०२३ पासून नाव बदललं) आणि आमच्या चौघांच्या ग्रुपमधले तिघं जाणार होते, एकाकडं हिमालयन, एकाकडं इंटरसेप्टर, एकाकडं क्लासिक, आणि माझ्याकडं काय तर ॲक्टिव्हा. रॉयल एनफिल्डच्या मेळाव्याला ॲक्टिव्हावरनं जाणं म्हणजे लग्नाला बनियनवर जाण्यातला प्रकार.

तर त्याच वर्षी उन्हाळ्यात मी आमच्या गल्लीत दूध घालणाऱ्या आण्णांची बुलेट घेतली होती. १९९१ चं मॉडेल, कास्ट आयर्न (म्हणजे जुनं बिडाचं) इंजिन, गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. आण्णांनी तीस वर्षं तिच्यावर दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन लावून दूध घातलं, मग पोरानं टेम्पो घेतला आणि गाडी गोठ्यात उभी राहिली. घेतली तेव्हा सीटखाली वाळलेलं वैरण निघालं. कॅन अडकवायचे ते लोखंडी हुक दोन्ही बाजूला तसेच होते, गंजून काळे पडलेले पण असले दणकट की त्याला धरून गाडी उचलावी.

गाडी घेणं सोपं होतं, कागद करणं नाही. ज्यांनी कुणी जुनी गाडी घेतलीय किंवा घ्यायचा विचार आहे त्यांनी हे जरा नीट वाचा. पंधरा वर्षं झाली की आरसीचं नूतनीकरण करावं लागतं आणि ते पुढं पाचच वर्षांसाठी मिळतं, म्हणजे दर पाच वर्षांनी परत तेच. आण्णांनी एकदा केलं होतं, नंतर सोडून दिलं. त्यात गाडीचा रेकॉर्ड ऑनलाइन नव्हताच, म्हणजे जुन्या रजिस्टरातनं कॉम्प्युटरवर चढवायला लावायचं, त्याला बॅकलॉग एंट्री म्हणतात. ती झाली, मग ओटीपी येईना, कारण मोबाईल नंबर लिंक होता आण्णांच्या पोराचा जुना, जो त्यानं कधीच बंद केलेला. तो नंबर बदलून घेतला. मग २९ आणि ३० नंबरचे फॉर्म नाव बदलायला, २५ नंबरचा नूतनीकरणाला, पर्यावरण कर, उशिराचा दंड, इन्शुरन्स, पीयूसी. आण्णा प्रत्येक सहीला धोतर-टोपी घालून तयार होऊन यायचे, जणू तहसीलदारकीच मिळणार आहे.

पासिंगच्या दिवशी आरटीओच्या साहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. चेसिस नंबरवर इतका रंग आणि ग्रीस बसलेलं की दिसेचना. मी रॉकेलच्या फडक्यानं घासलं, मग त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी धरून घासायची, लहानपणी आपण नाण्याचं चित्र काढायचो तसं, आणि हळूहळू एकेक आकडा पांढरा उमटत गेला. बाजूला उभे असलेले आण्णा म्हणाले, "तीस वर्षं वापरली, हे कवाच बघितलं नव्हतं." सगळं जुळलं, आणि साहेबांनी हुककडं बोट केलं. "हे काय बाहेर आलंय? कुणाच्या पायाला लागलं म्हणजे?" मी तिथंच पाना घेऊन दोन्ही हुक काढले. आण्णा काहीच बोलले नाहीत. हुक माझ्या हातातनं घेतले आणि पिशवीत टाकले. गाडी पास झाली. चार महिने गेले होते.

सायलेन्सर मी कंपनीसारखाच साधा ठेवला. ग्रुपमधल्या क्लासिकवाल्याचं म्हणणं होतं की इंदोरी (मोठ्या आवाजाचा सायलेन्सर) टाक, आवाज नाद खुळा येतो. येतो की, पण चौकाचौकात पावती पण येते, आणि रात्री अकराला गल्लीत ते फटाके फोडणारे लोक मला मनापासून आवडत नाहीत, राग आला तर येऊ दे.

आता मी नाव कशात दिलं ते सांगतो. तिथं डर्ट ट्रॅक असतो, हिल क्लाइम्ब असतो, आणि एक असते स्लो रेस. ठरलेलं अंतर सगळ्यात उशिरा पार करायचं, पाय टेकला की बाद, लाइनच्या बाहेर गेला की बाद. ऐकायला पोरखेळ वाटतो. मी घराजवळच्या ग्राउंडवर चुन्याच्या रेघा मारून पहिल्यांदा करून बघितलं तर पंधरा पावलांत सहा वेळा पाय टेकला. सातव्यांदा गाडीच टेकली.

हे आण्णांना सांगितलं तर ते हसायलाच लागले. म्हणाले, "अरे मी रोज सकाळी तेच करत होतो की. बोळात घर दहा फुटांवर घर, प्रत्येक घरापुढं थांबून पाय टेकवला तर ऐंशी लिटर दूध हिंदकळतंय. बायका भांडं घेऊन दारात यीपर्यंत गाडी चालतीच पायजे पण फुडं जायला नको." आणि मग पुढचे पंधरा दिवस सकाळी सहाला ग्राउंडवर आण्णा टोपी घालून उभे आणि मी गाडीवर. पहिल्या गिअरला क्लच अर्धा, मागचा ब्रेक नुसता टेकवून ठेवायचा, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. आयडलिंग वाढवून मी चाललो होतो, तर त्यांनी स्क्रू फिरवून उलट कमी केलं. या जुन्या इंजिनाचं फ्लायव्हील जड असतं, ते एकदा फिरायला लागलं की कमी आरपीएमला पण गाडी बंद पडत नाही, धप... धप... धप... करत राहते, दोन ठोक्यांच्या मधे तुम्ही मिशीवर ताव मारून घ्याल. नवीन गाड्या त्या स्पीडला मान टाकतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्या चाकाकडं बघायचं नाही. "शेवटच्या घराकडं बघ," असं आण्णा म्हणायचे. ग्राउंडला घर कुठलं, मी समोरच्या पाण्याच्या टाकीकडं बघायचो.

निघालो शुक्रवारी पहाटे साडेचारला. किक मारायची पण एक पद्धत आहे, ॲमीटरचा (करंट दाखवणारं छोटं मीटर) काटा मधोमध येईपर्यंत किक हळू दाबत न्यायची, मग डीकम्पचा (इंजिनातला दाब सोडणारा) खटका दाबून थोडं पुढं ढकलायचं, सोडायचं, आणि एकच पूर्ण किक. घाई केली तर किक उलटी येते आणि नडगी सोलून काढते. पहिल्या किकला सुरू झाली, शेजारच्यांचं कुत्रं उठलं, बायको गॅलरीतनं म्हणाली, "अहो, पोचल्यावर फोन करा, आणि त्या पोरांच्या नादानं पळवू नका." पळवायला काय ती पळणार होती. साठला सुखात, सत्तरला आरसे थरथरून मागचं जग धूसर.

कोल्हापूर, कागल, निपाणीवरनं उत्तूर, आजरा. आजऱ्यात चहा-भजी. तोपर्यंत सगळं मस्त चाललेलं, थंडी, उसाच्या ट्रॉल्या, आणि पुढं गेलेले तिघं दर अर्ध्या तासाला कुठंतरी टपरीवर माझी वाट बघत बसलेले. आंबोली घाट उतरताना मात्र क्लच एकदम हलका झाला आणि लिव्हर हाताशी येऊन मोकळं लोंबायला लागलं. केबल तुटली. यात गाडीची काही चूक नाही, मिस्त्रीनं दोन वेळा सांगितलं होतं की केबलचे धागे सुटायला लागलेत, बदलून टाका, आणि मी म्हटलं गोव्याहून आल्यावर बघू. स्पेअर केबल होती माझ्याकडं, नाही असं नाही. ॲक्सिलेटरची होती.

उतार होता म्हणून वाचलो. क्लचशिवाय गाडी चालवता येते, न्यूट्रलमधे उतारावर सोडायची, जरा वेग आला की गिअर टाकायचा, आणि मग थांबायचंच नाही. दाणोलीपर्यंत असा आलो, समोर म्हशी आल्या तर हॉर्न आणि देवाचं नाव. सावंतवाडीच्या अलीकडं एक छोटं गॅरेज उघडं दिसलं. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं गाडीकडं बघितलं आणि मला विचारलं, "खंयसून इलात?" मी सांगितलं. या गाडीची केबल त्याच्याकडं नव्हती. मग त्यानं दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची लांब केबल घेतली, मापानं कापली, टोकाचे धागे फुलासारखे उलगडले, त्याच्यावर पितळेचा जुना मणी बसवला आणि वरनं शिसं वितळवून ओतलं. गार झाल्यावर दातात धरून ओढून बघितलं. दातात! दीड तास लागला, पैसे इतके कमी सांगितले की मी दुप्पट दिले तर त्यानं अर्धे परत केले.

मग बांदा, पत्रादेवी, कोलवाळचा पूल, म्हापसा, आणि म्हापशाच्या पुढं मग रस्ताच बुलेटचा. केरळच्या, पंजाबच्या, हैदराबादच्या नंबरप्लेटी, कुणी बायको मागं बसवून आलेला, कुणी कुत्रा. मेळावा होता त्या हिलटॉपच्या माडांच्या बनात शिरलो तेव्हा सगळ्या अंगावर तांबड्या मातीचा थर होता आणि नवीन आलेल्या सुपर मिटिऑर ६५० भोवती इतकी गर्दी की गाडी दिसेना, नुसते वर धरलेले मोबाईल दिसत होते. गंमत म्हणजे त्या गर्दीतनं बाहेर पडलेले लोक माझ्या गाडीपाशी थांबायचे. टायगर लॅम्प (हेडलाइटच्या वरचे दोन छोटे दिवे) ओरिजिनल आहेत का, ॲमीटर चालतो का, विकणार का. एका सरदारजींनी मागच्या बाजूला हुकच्या बोल्टांची भोकं बघितली आणि न सांगता विचारलं, दूध? त्यांच्या पण घरी असलीच होती म्हणे. आमचा इंटरसेप्टरवाला जरा खट्टूच झाला, त्याच्या साडेतीन लाखांकडं कुणी वळून बघेना. त्यानं माझी चालवायला मागितली, दिली, तर समोर माणूस आल्यावर सवयीनं उजवा पाय दाबला, म्हणजे ब्रेकऐवजी गिअर पडला. वाचला तो माणूस, उडी मारून.

शनिवारी स्लो रेस. एका वेळी पाच जण, प्रत्येकाला दोन रेघांच्या मधली अरुंद पट्टी. पहिल्या फेरीत माझ्या शेजारी विशीतली पोरं होती, शिट्टी झाली आणि पहिल्या पाच सेकंदांत दोघांचे पाय खाली. मी माडाच्या एका बुंध्याकडं बघत होतो, त्याला निळा रंग मारलेला, आणि कानात फक्त धप... धप... धप... चाललेलं. उरलेल्यातला एक लाइनच्या बाहेर गेला, एक माझ्या पुढं निघून गेला, आणि मी शेवटी पोचलो, म्हणजे पहिला आलो. आमचे तिघं असे ओरडले की बाजूच्या डर्ट ट्रॅकवरच्या लोकांना वाटलं इथं कोण पडलं.

दुसऱ्या फेरीत शेजारी एक पन्नाशीचा माणूस होता, लुंगीवर, खरंच लुंगीवर, आणि त्याच्याकडं पण कास्ट आयर्न. आम्ही एकमेकांच्या गाडीकडं बघून मान हलवली. बाकीचे कधी गेले मला कळलंच नाही, आम्ही दोघंच उरलो, चाकं फिरतायत का थांबलीत हे बघणाऱ्याला कळू नये असे. अर्ध्याच्या पुढं आलो असेन, आणि पुढच्या चाकाखाली लिंबाएवढा दगड आला. हँडल डावीकडं गेलं, मी खाली बघितलं. बुंधा सोडून चाकाकडं बघितलं. डाव्या बुटाचं टोक मातीला लागलं, जेमतेम, पण तांबड्या मातीत त्याची रेघ उठली आणि पंचानं बोट दाखवलं. लुंगीवाला शांतपणे पुढं गेला, लगेच गाडी स्टँडला लावली आणि येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. भाषा कळली नाही, पण टाकीवर थाप मारून गेला.

संध्याकाळी वागातोरच्या कड्यावर बसून आण्णांना फोन लावला. सगळं सांगितलं, पहिली फेरी, लुंगीवाला, दगड, सगळं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मागं म्हैस ओरडल्याचा आवाज येत होता, धारेची वेळ. मग म्हणाले, "मोकळी होती न्हवं गाडी?"

"मोकळी म्हणजे?"

"कॅन नव्हते न्हवं. भरलेली गाडी दगडावरनं सरळ जाती, मोकळी उडती." आणि जरा थांबून, "तुला त्या दिवशी आरटीओत म्हणणार हुतो, हुक काढू नगंस."

हुक अजून त्यांच्याकडंच आहेत. मागितले तर देत नाहीत.