पंपापासून टर्बोपर्यंत: व्हॅक्यूमची नळी शोधताना

माझी डिझेल गाडी 2008 ची. गेल्या वर्षी वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात तिचा दमच संपला. दुसऱ्या गिअरवरही चढेना, मागे काळा धूर. एका गॅरेजमध्ये थेट टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बदलायला सांगितला. खर्च ऐकून मी ओळखीच्या जुन्या मिस्त्रींना फोन लावला.

"टर्बो राहू द्या हो. आधी व्हॅक्यूम पंपापासून नळी धरून चला," ते म्हणाले.

बॉनेटखालचा नळ्यांच्या नकाशाचा स्टिकर कधीच पुसला गेला होता. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे (हवेच्या झडपेमुळे) व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, आपोआप तयार होतो. डिझेलला ती सोय नाही, म्हणून वेगळा पंप. काही गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो, माझ्या गाडीत कॅमशाफ्टच्या टोकाला सापडला. त्यातून जाड नळी ब्रेक बूस्टरला (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याला) जाते. वाटेत टी आकाराचा एक जोड, आणि तिथून बारीक नळी सोलेनॉइड व्हॉल्वकडे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेकडे. या व्हॉल्वला तीन तोंडं: एकात पंपाचा व्हॅक्यूम, दुसऱ्यातून टर्बोच्या ॲक्च्युएटरला (व्हॅक्यूमने दांडी ओढून टर्बोचा जोर ठरवणाऱ्या डबीला), तिसऱ्यावर बाहेरची हवा घेणारा छोटा फिल्टर. इथे अदलाबदल झाली तर सगळंच फसतं. म्हणून प्रत्येक नळीला कागदी टेपवर नंबर घातला, फोटो काढले आणि एका वेळी एकच नळी सोडवली.

मुलाला गाडी चालू करायला लावली. आयडलिंगला ॲक्च्युएटरची दांडी पूर्ण ओढली जायला हवी. ती जेमतेम हलली. मग मिस्त्रींचा हातपंप आणून थेट ॲक्च्युएटरला लावला. दांडी सरसर आत गेली, पंपाचा व्हॅक्यूम दाखवणारा काटा पाऱ्याच्या 20 इंचांवर गेला आणि तिथून ढळला नाही. म्हणजे ॲक्च्युएटरचा पडदा शाबूत होता, दांडीही कुठे अडकत नव्हती. मला केवढं हायसं वाटलं!

राहिल्या नळ्या. सोलेनॉइडपासून टर्बोकडे जाणारी इंजिनाच्या मागून, उष्णतारोधक पत्र्याला घासून गेली होती. वरून धडधाकट. बोटांनी चाचपत क्लिपपाशी वाकवली, तेव्हा विणलेल्या आवरणाखाली नखाएवढी चीर उघडली. आतलं रबर कडक होऊन त्याचा भुगा बोटाला लागला.

त्याच मापाची सिलिकॉनची नळी आणून सगळ्याच बारीक नळ्या बदलल्या, आणि टर्बोकडची नळी पत्र्यापासून लांब बांधली. गाडी चालू केली तशी दांडी टोकापर्यंत गेली. रविवारी पसरणी घाट तिसऱ्या गिअरवर चढलो.