हाउसबोटीवर रात्र काढू नका: केरळच्या हनीमूनचा वृत्तांत

आधी हाउसबोटीचंच सांगते. केरळला हनीमूनला जाणारं जवळपास प्रत्येक जोडपं सगळ्यात जास्त पैसे त्या एका रात्रीवर घालतं, आणि आम्हीही तेच केलं. विमान सोडून नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेसने एर्नाकुलमला गेलो, मुन्नारला साधी खोली घेतली, आणि वाचलेले पैसे अलप्पुळाच्या, म्हणजे जुन्या आलेप्पीच्या, बोटीवर लावले. साडेचौदा हजार रुपये. एजंटचे शब्द मला पाठ आहेत: "दुपारी बारा ते सकाळी नऊ, एकवीस तास बॅकवॉटरमध्ये फिरायचं, फुल एसी, कँडललाइट डिनर." मी वेळा वहीत लिहून ठेवल्या. एकवीस तासांत बोट चालली तीन तास पन्नास मिनिटं.

हिशेब असा. बाराला आम्ही पुन्नमडाच्या फिनिशिंग पॉइंटवर हजर होतो. नेहरू ट्रॉफीची होड्यांची शर्यत जिथे संपते तो हा धक्का. बोट सुटली बारा चाळीसला. एक पंचवीसला जेवणासाठी काठाला लागली ती अडीचपर्यंत हलली नाही. मग एका मासळीच्या टपरीपाशी पंचवीस मिनिटं. सव्वापाचला एका पोऱ्याने उडी मारून दोर नारळाच्या बुंध्याला बांधला आणि इंजिन बंद झालं. मला वाटलं चहाला थांबलो. नवऱ्याने विचारलं, पुढे कधी निघायचं? उत्तर आलं, "फिनिश. टुमॉरो एट." सकाळी आठ पाचला निघालो, आठ पन्नासला परत धक्क्यावर.

संध्याकाळी थांबण्याचा नियम बरोबर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. साडेपाचच्या सुमारास मच्छीमार जाळी टाकायला येतात आणि रात्रभर ते पाणी त्यांचं असतं. पण हा नियम तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि आमच्याकडून पैसे घेणाऱ्याने तो सांगितला नाही. राग त्याचा आहे.

आता एसी. अलप्पुळात बोटींचे प्रकार ठरलेले आहेत. साधारणपणे 'डिलक्स' म्हणजे एसी रात्री नऊ ते सकाळी सहा, 'प्रीमियम' म्हणजे दिवसभर. आम्हाला 'फुल एसी' हा तिसराच शब्द सांगितला होता. बोटीवर गेल्यावर कळलं की आमची डिलक्स आहे आणि रिमोट कर्मचाऱ्यांकडेच राहणार. सव्वापाच ते नऊ या पावणेचार तासांत खोलीत बसवत नव्हतं. बाहेर बसावं तर डास. खिडकी उघडावी तर उजवीकडे दुसरी बोट इतकी खेटून बांधलेली, की तिच्या जनरेटरचं धुराडं माझ्या उशीपासून दोन हातांवर. पडदा सारला की समोर एक काका बनियनवर दात घासताना. त्या रांगेत मी अकरा बोटी मोजल्या. नऊला सगळ्यांचे एसी सुरू झाले आणि अकराही जनरेटर एकदम धडधडायला लागले. लग्नानंतरची निवांत रात्र म्हणून आम्ही ही विकत घेतली होती.

डावीकडच्या बोटीवर सोलापूरचं जोडपं होतं. तिच्या हातातही हिरवा चुडा, त्यामुळे कठड्यावरूनच बोलणं सुरू झालं. त्यांनी त्याच दिवशी सकाळी धक्क्यावर जाऊन, बोट आतून पाहून, नऊ हजारांत ठरवली होती. तशीच बोट, तसंच जेवण, तीच रांग. त्याशिवाय आमच्याकडून बेडवरच्या फुलांचे आणि टेबलावरच्या एका मेणबत्तीचे पंधराशे वेगळे घेतले. टपरीवर मासे बघायचे असतील तर बघा, पण विकत घेऊ नका. तिथे कोळंबीचा जो भाव सांगितला, त्याच्या निम्म्यात आम्हाला दुसऱ्या दिवशी गावात पोटभर जेवण मिळालं, करिमीन मासा धरून. करिमीन मात्र चुकवू नका. केळीच्या पानात मसाला लावून भाजतात, काटे बरेच असतात, हातानेच खा.

आणखी एक गोष्ट निघण्याआधी कळायला हवी होती. जाहिरातीत दिसतो तो अरुंद कालवा, दोन्हीकडून वाकलेले माड आणि मधून जाणारी नाव, हे दृश्य हाउसबोटीतून दिसत नाही. हाउसबोट मोठी असते, तिला अरुंद कालव्यात शिरताच येत नाही. ती रुंद पाण्यातून, वेंबनाड सरोवराच्या कडेने जाते, आणि माड लांब काठावर राहतात. हाउसबोट म्हणजे मूळची केट्टुवळ्ळम, भात वाहणारी नाव. आंजिलीच्या, म्हणजे आपल्या रानफणसाच्या जातीच्या, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून ती बांधत आणि कुट्टनाडचं, म्हणजे इथल्या सखल भागातलं, भात कोचीला नेत. त्या शिवलेल्या सांध्यांवरून हात फिरवला तेवढा वेळ मला बरं वाटलं. डिसेंबरच्या मध्यापासून आणखी एक अडचण येते. भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून तण्णीरमुक्कमच्या बंधाऱ्याची दारं बंद करतात. मग आतलं पाणी गोडं होऊन साचतं आणि जलपर्णी माजते. आमची बोट दोनदा तिच्यात अडकली.

तरीही बोट करायचीच असेल तर आदल्या रात्री अलप्पुळात मुक्काम करा, सकाळी नऊच्या आत धक्क्यावर जा आणि खोली, संडास, गादी डोळ्यांनी बघून ठरवा. तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या: एसी किती ते किती, बोट प्रत्यक्ष किती तास चालणार, रात्री कुठे आणि किती बोटींच्या शेजारी बांधणार. तिसऱ्या प्रश्नावर गडबडला तर पुढच्या बोटीकडे जा. सगळ्यात चांगलं म्हणजे फक्त दिवसाची फेरी घ्या आणि झोपायला जमिनीवर या. माझं मत विचाराल तर तीही नको. शिकारा घ्या. ती तासावर मिळते, छोटी असते आणि अरुंद कालव्यात शिरते. आम्ही तिसऱ्या दिवशी तीन तासांची घेतली, तेव्हा कुठे तो जाहिरातीतला कालवा बघायला मिळाला.

बाकीच्या प्रवासाबद्दल थोडक्यात. चांगले दिवस चांगले गेले, त्यांना सल्ल्याची गरज नाही.

कोचीहून मुन्नारचा रस्ता चार-साडेचार तासांचा आहे. नेरियामंगलमचा पूल ओलांडला की वळणं सुरू होतात. उलटीची गोळी निघतानाच घ्या, मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. चीयप्पाराच्या धबधब्यापाशी सगळे थांबतात. आपण थांबलो नाही तरी चालतं, तो गाडीतूनही दिसतो. 'मुन्नारमधलं हॉटेल' म्हणून अडिमाली किंवा आनच्चालचं हॉटेल देतात, हा इथला दुसरा सापळा. अडिमाली मुन्नारपासून तीसेक किलोमीटर खाली आहे, तिथे थंडीही नाही आणि चहाचे मळेही नाहीत. पैसे भरण्याआधी हॉटेलचं लोकेशन मागवून नकाशावर बघा. आमच्या बाबतीत हे आधी लक्षात आलं म्हणून वाचलो.

मुन्नारला दोन रात्री पुरे, तिसरी कंटाळवाणी होते. मट्टुपेट्टी आणि इको पॉइंट सरळ वगळा, तिथे गर्दी आणि भुट्ट्यांशिवाय काही नाही. टॉप स्टेशनला जायचं तर उजाडताच निघा, आम्ही साडेदहाला पोचलो तेव्हा पुढे नुसतं पांढरं धुकं होतं. इरविकुलमचं राष्ट्रीय उद्यान मात्र कराच. तिकीट ऑनलाइन काढा आणि पहिली बस धरा. निलगिरी ताहर, म्हणजे तिथले डोंगरी रानबकरे, इतक्या जवळ उभे राहतात की त्यांचा चावण्याचा आवाज येतो, आणि मागे अनामुडी, 2695 मीटर, दक्षिण भारतातलं सर्वांत उंच शिखर. फेब्रुवारी-मार्चमध्ये ताहरांच्या विणीसाठी हे उद्यान बंद असतं. माघ-फाल्गुनातला मुहूर्त असलेल्यांनी हे लक्षात ठेवा, कारण एजंट तेव्हाही ते कार्यक्रमात लिहून देतात. नीलकुरिंजीचंही तसंच. ती 12 वर्षांनी फुलते, 2018 मध्ये फुलली होती. आत्ता दाखवतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

थेक्कडी छान झालं. सकाळी साडेसातची बोट घ्या. 1895 च्या मुल्लपेरियार धरणात बुडालेल्या झाडांची खोडं अजून पाण्यातून वर आलेली आहेत आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसतात. वाघ दिसेल या आशेने जाऊ नका. कुमळीत ड्रायव्हर ज्या मसाल्याच्या दुकानापाशी गाडी थांबवतो तिथून वेलदोडे घेऊ नका, रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात भाव विचारा. ड्रायव्हरला 'चेट्टा' म्हणा, म्हणजे दादा. आमचा चेट्टा फार भला माणूस होता, हाउसबोटीचा प्रकार ऐकून तो आमच्याइतकाच चिडला.

मरारीच्या किनाऱ्यावर दोन रात्री राहिलो. तिथे काहीच घडलं नाही, आणि लग्नाच्या धावपळीनंतर तेच हवं होतं. फोर्ट कोचीला अर्धा दिवस पुरतो. हायकोर्टाजवळून वॉटर मेट्रोने जा, टॅक्सीत वेळ घालवू नका. मट्टनचेरीचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद असतं.

तारखांबद्दल एवढंच, की तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे मुहूर्त निघतात आणि मग सगळी जोडपी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केरळात एकदम येतात. नाताळ ते नवीन वर्ष या काळात तिथे जाऊ नका. आम्ही 10 ते 19 डिसेंबर गेलो, तरी 19 तारखेला परतताना मुन्नारकडे चढणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली होती. आणखी एक, माझ्या आधारवर अजून माहेरचंच नाव आहे. कुठल्याही हॉटेलात अडवलं नाही, त्याची काळजी करू नका.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. हाउसबोटीच्या रात्रीनंतर सकाळी मी रडकुंडीला आले होते. धक्क्यावरून आम्ही गावातल्या बोट जेट्टीवर गेलो, ती एसटीसारख्या सरकारी बसच्या स्टँडाजवळच आहे. तिथून केरळ सरकारच्या जलवाहतूक खात्याच्या बोटी सुटतात, आपल्या एसटीसारख्याच. कोट्टयमकडे जाणारी लागली होती. दोघांचं तिकीट मिळून शंभर रुपयेसुद्धा झालं नाही. अडीच तास बोट एका जागी न थांबता चालली. थांबे घेते, पण प्रत्येक ठिकाणी मिनिटभर.

लोक आपापल्या घरापुढच्या पायरीवर हात दाखवून उभे राहत आणि बोट तिथे लागे. एक बाई गॅसचं सिलिंडर घेऊन चढली. शाळेची पोरं चढली आणि दोन थांब्यांनी उतरली. प्रत्येक घराला पाण्यात उतरणाऱ्या चार पायऱ्या, शेवटच्या पायरीवर कोणीतरी भांडी घासतंय, आणि बाजूने बदकांचा एवढा मोठा थवा की पाणी दिसेना. मग बांध आला, आणि बांधापलीकडे शेत पाण्यापेक्षा खाली! आम्ही वर पाण्यावर, आणि कोवळं भात आमच्या पायांच्या खाली पुरुषभर. कुट्टनाडात समुद्रसपाटीखाली शेती करतात हे वाचलं होतं, पण बोटीच्या कठड्यावरून खाली वाकून पिकाकडे बघताना पोटात गोळा येतो. माझं आजोळ कोकणातलं, खाजण मी पाहिलेलं आहे. हे त्याच्या शंभरपट.

शेजारी एक आजी बसल्या होत्या, पांढरं मुंडू, कानात सोन्याच्या कड्या. बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्या बांगड्यांवर एक बोट ठेवलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कल्याणम?" लग्न, एवढं मला कळलं. मी मान हलवली. त्यांनी पिशवीतून दोन केळी काढून आम्हा दोघांच्या हातात एकेक दिलं आणि पुढच्या थांब्यावर उतरल्या. साडेचौदा हजारांच्या रात्रीत जे नव्हतं ते सगळं त्या लाकडी बाकावर मिळालं, हे मी अगदी मनापासून लिहिते आहे.

या बोटीसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवा, इतर काही कमी करावं लागलं तरी चालेल. सकाळची पहिली-दुसरी धरा, दुपारी पत्रा तापतो. वेळा जेट्टीवरच्या खिडकीत आदल्या दिवशी विचारून या, बोटी वेळेवर सुटतात. सुटे पैसे, पाण्याची बाटली आणि टोपी जवळ ठेवा. येताना आम्ही बसने आलो, त्यात बघण्यासारखं काही नाही, जमलं तर बोटीनेच परत या. आणि सकाळी जाताना डावीकडच्या बाकावर बसा, ऊन उजवीकडून येतं.