तुम्ही विचारलंत म्हणून: बोजारा कोणाचा?

"मॅडम, तुम्ही वर्गात हक्क शिकवता अन् पोट्टे घरी येऊन आम्हालेच उलटून बोलतात, त्याचं काय?" नागपुरातल्या पालकसभांत हा प्रश्न मला आयांनी इतक्या वेळा विचारला आहे, की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढावे असे वाटले.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणाला, मुले लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरतात, बोजारा म्हणजे खाऊचे पैसे मिळवतात आणि संध्याकाळी ते पैसे आईच्या डब्यात जातात. सहावीच्या वर्गात मी एकदा विचारले, की हे पैसे कोणाचे. मुले एका सुरात "आमचे" म्हणाली. पुढच्या सभेत आयाही "मुलांचेच" म्हणाल्या, पण लगोलग त्यांनी जोडले, "त्याहिले काय समजते? आम्ही त्यातूनच वह्या घेतो." मतभेदाची नेमकी जागा मला तिथे सापडली. मुलांचे हक्क म्हटले की आईच्या डोळ्यांपुढे शाळा, दवाखाना, पोटभर जेवण, वाईट नजरेपासून रक्षण, म्हणजे जे तिने पुरवायचे ते सारे येते. मूल मात्र आपल्याला कोणी विचारले का, एवढेच पाहते. अर्थात सगळी मुले सारखी नसतात. तिसरीतले मूल "आई सांगेल ते" म्हणून मोकळे होते, नववीतली मुलगी आपली डायरी कोणी उघडू नये म्हणून भांडते, आणि ताप चढला की तिलाच सगळे आईने ठरवलेले हवे असते.

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली संमत केलेल्या आणि भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेत या दोन्ही बाजू आहेत. मुलाच्या वाढत्या क्षमतेनुसार त्याला मार्गदर्शन करण्याचा पालकांचा अधिकार कलम ५ मानते. मुलाशी संबंधित बाबींत त्याचे म्हणणे ऐकावे आणि वय व समज पाहून त्याला महत्त्व द्यावे, असे कलम १२ सांगते. पहिले वाचून दाखवले की आयांचा जीव भांड्यात पडतो, दुसऱ्यावर सभा गप्प होते. ऐकून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे, हे मला दर वेळी वेगळे सांगावे लागते.

तेव्हा होय, मुले उलट विचारतात. माझ्या मुलाने आठवीत असताना आदल्या वर्षीच्या बोजाऱ्याचा हिशेब मागितला, आणि बालहक्कांवर बोलणाऱ्या माझ्याकडे तो नव्हता. त्या वर्षीचे पैसे मी त्याच्याच हाती ठेवले. संक्रांतीला त्याने ते सगळे पतंगांवर उडवले. तो खर्च मला अजूनही पटलेला नाही.