वजाबाकीत निघालेला पाइप

एप्रिलची अमावास्या, भंडारदऱ्याजवळचं माळरान. भुजंगधारी तारकासमूहातला पाइप नेब्युला, म्हणजे चिलमीच्या आकाराचा काळ्या धुळीचा ढग, कॅमेऱ्यात टिपायचा होता. ज्येष्ठा ताऱ्याच्या पूर्वेला पसरलेला, जवळपास ७ अंश लांब. खगोलशास्त्रज्ञ बार्नार्डच्या काळ्या ढगांच्या यादीतले ५९, ६५, ६६, ६७ ही त्याची दांडी, ७८ म्हणजे तोंड. यात चमकणारं काही नाही. मागच्या आकाशगंगेचे तारे धुळीने झाकलेत, एवढंच. त्यामुळे चमकत्या वायूचा ठरावीक रंगच आत सोडणारा नॅरोबँड फिल्टर बॅगेतच राहिला.

ध्रुव इथे जेमतेम साडेएकोणीस अंशांवर. एप्रिलच्या धुरकट हवेत पोलर स्कोपमध्ये (ताऱ्यांमागे फिरणारा माउंट ध्रुवाशी जुळवायची छोटी दुर्बीण) तो सापडेपर्यंत घाम निघतो. १३५ मिमी लेन्स, एफ २.८, एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा, आयएसओ ८००, ९० सेकंदांची एक फ्रेम. रात्री पावणेदोनला पाइप ३५ अंशांवर होता. ४४ पर्यंत चढून कलायला लागला तोवर १०० फ्रेम झाल्या. दर तिसऱ्या फ्रेमला डिदरिंग, म्हणजे कॅमेऱ्याची दिशा किंचित सरकवणं. ते टाळलं तर स्टॅकमध्ये, म्हणजे सगळ्या फ्रेम एकत्र करून केलेल्या चित्रात, तिरक्या रेघोट्या येतात आणि काळ्या धुळीवर त्या लगेच खुपतात. पहाटे लेन्सवर पांढरा सुती कपडा ताणून २५ फ्लॅट (कोपऱ्यांचा अंधार आणि सेन्सरवरचे डाग काढायला लागणारे एकसारख्या उजेडाचे फोटो) घेतले, फोकस आणि ॲपर्चरला हात न लावता.

स्टॅकच्या कच्च्या चित्रात पाइप व्यवस्थित होता. बॅकग्राउंड, म्हणजे आकाशात पसरलेला उजेड, सॉफ्टवेअरने मॉडेल करून वजा केल्यावर मात्र ७८ राखाडी पडला, भोवती उजळ कडं आलं. पहिला संशय फ्लॅटवर. फ्लॅट लावलेली एकच फ्रेम ताणून (फिके फरक उजळ करून) बघितली: कोपरे सपाट, सेन्सरवरच्या धुळीचे डाग गेलेले. मग सॉफ्टवेअरने वजा केलेलं मॉडेल उघडलं. त्यात पाइप! धूसर, पण दांडीतोंडासकट. ऑटो सेटिंगने उजेड मोजायचे नमुन्याचे बिंदू सगळ्यात काळ्या जागी, म्हणजे नेमके धुळीवर टाकले होते, आणि त्यांवरून बेतलेला चौथ्या घाताचा (बऱ्याच वळणांचा) पृष्ठभाग तिच्या आकाराप्रमाणे वाकला होता.

बिंदू पुसले. हाताने फक्त ८ टाकले, सगळे दाट ताऱ्यांच्या एकसारख्या पट्ट्यांवर, आणि घात १, म्हणजे नुसता सपाट उतार. क्षितिजाकडचा उजेड गेला, ७८ पुन्हा काळा झाला. धनूकडे आकाशगंगा खरोखरच उजळत जाते. तो उतार थोडा कापला गेला, पण तेवढं चालवून घेतलं. आता वजाबाकी पक्की करण्याआधी मॉडेल ताणून बघतो. ओळखीचा आकार दिसला, की बिंदू पुन्हा पहिल्यापासून.