पेंग्विन एवढ्या दाटीने का राहतात?

केपटाऊनच्या दक्षिणेला सायमन्स टाऊन गावाला लागून बोल्डर्स बीच आहे. तिथे फळ्यांच्या वाटेवरून चालताना पेंग्विन अगदी हाताच्या अंतरावर दिसतात. बर्फाचा पत्ता नाही. वाळू, झुडपं आणि जानेवारीचं कडक ऊन; तिथे तेव्हा उन्हाळा असतो. १९८२ साली इथे दोनच जोड्या येऊन राहिल्या, त्यांची पुढे वसाहत झाली. ‘थंडी वाजते म्हणून चिकटून राहतात’ हे शाळेतलं उत्तर इथे कामाचं नाही.

ते उत्तर लागू पडतं अंटार्क्टिकातल्या एम्परर पेंग्विनला. वैशाखात भर दुपारी रानात सावली नसली की आपल्याकडे धनगराची मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी राहतात. ती उन्हापासून वाचायला, हे वाऱ्यापासून. मादी एकच अंडं घालून समुद्राकडे जाते. नर ते पायांवर घेऊन, पोटाच्या घडीखाली झाकून सुमारे ६५ दिवस उभा राहतो. आधीचे दिवस धरले तर जवळपास चार महिने पोटात काही नाही. बाहेर पारा उणे ४० अंशांपर्यंत उतरतो, पण दाट घोळक्याच्या आत तो ३५ अंशांच्याही वर जाऊ शकतो. एका चौरस मीटरमध्ये आठ-दहा पक्षी मावतात. घोळका एका जागी गोठून राहत नाही. दर अर्ध्या-एक मिनिटाला कुणीतरी पाच-दहा सेंटिमीटर सरकतो, शेजारी सरकतो आणि ती लाट सगळ्या घोळक्यातून जाते. वाऱ्याच्या बाजूचे पक्षी कडेकडेने चालत आडोशाला येतात. चालताना अंडं निसटून बर्फावर पडलं आणि लगेच परत पायांवर आलं नाही, तर ते गोठतं.

हे जमतं, कारण एम्पररला घरटंच नसतं. घरटं नाही म्हणून राखायची हद्द नाही. अॅडेली पेंग्विनचं उलट आहे. तो खडे गोळा करून घरटं रचतो, शेजाऱ्याचे खडे पळवतो आणि चोच पोचेल तेवढ्या अंतरात कुणाला येऊ देत नाही. वावराच्या बांधासारखंच ते. तरीही तो वसाहत सोडत नाही, कारण स्कुआ पक्षी अंडी-पिल्लं पळवतो आणि कडेच्या घरट्यांना त्याचा जास्त फटका बसतो. मधल्या जागेसाठी भांडणं होतात ती त्यामुळेच.

एवढ्या कलकलाटात आपलं पिल्लू कसं सापडतं? आवाजावरून. पेंग्विनचं दिसणं सारखं असलं तरी हाक प्रत्येकाची वेगळी. तुळजापूरच्या नवरात्रात हरवलेलं लेकरू आईची हाक बरोबर ओळखतं, तसंच.

बोल्डर्सचे आफ्रिकन पेंग्विन समुद्रातही सोबतीचा उपयोग करतात. सार्डिन आणि अँचोव्ही या लहान माशांचा थवा खालून आणि बाजूंनी वेढून ते वर पृष्ठभागाकडे ढकलतात. एकट्याने असा थवा कोंडणं अवघड जातं. किनाऱ्यावर जोडी एकमेकांची मान खाजवते, कारण स्वतःची चोच तिथे पोचत नाही आणि गोचीड नेमकी तिथेच बसते.

दाटीची किंमतही आहे. रोग लवकर पसरतो. उन्हाचा त्रास मात्र माणसाने वाढवला. पूर्वी हे पक्षी विष्ठेच्या साचलेल्या थरात बीळ खोदून गारव्यात अंडी घालायचे. १९व्या शतकात ते थर खत म्हणून खरवडून जहाजांनी नेले. आता बरीच घरटी उघड्यावर किंवा झुडपाखाली असतात. डोळ्यावरच्या गुलाबी कातडीतून पक्षी अंगातली उष्णता बाहेर टाकतो, पण ऊन फार झालं की अंडी सोडून पाण्यात उतरावंच लागतं. तेवढ्यात कुरव पक्षी अंडी नेतो. म्हणून आता अनेक ठिकाणी माणसाने बनवलेली घरटी ठेवतात.

मासाही कमी झाला. २०२४मध्ये ही जात ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेली. पक्षी कमी झाले की दाटीचे फायदेही ओसरतात: थवा वेढायला सोबती नाहीत आणि जवळपास प्रत्येक घरटं कडेचं. रिकाम्या किनाऱ्यावर पेंग्विन सहसा वस्ती करत नाही. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेतल्याच डी हूप अभयारण्यात नवी वसाहत उभारताना आधी शिकारी जनावरं अडवणारं कुंपण घातलं, मग पेंग्विनचे पुतळे मांडले आणि ध्वनिवर्धकावर वसाहतीचा, गाढवाच्या ओरडण्यासारखा कलकलाट लावला. २०२२मध्ये तिथे खऱ्या पेंग्विननी घरटी केली.